मामांची स्लाइड

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मामा मूळचे वालूरचे. जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी करत त्यांनी सेलू आणि जिंतूर तालुक्यांतली गावं पालथी घातली आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा वालूरच्या घरी जाऊन राहिले. मी त्यांची एकुलती एक सून. परभणीत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि आजार कोणता ते लिहून द्यायचं, हे माझं काम.

हे काम नेमकं काय असतं ते आमच्या घरात फक्त मामांना कळलं होतं. माझ्या आईला वाटायचं मी रक्त तपासते. आत्यांच्या मते मी अर्धीच डॉक्टर होते, कारण मी कुणाला सुई देत नव्हते की गोळी लिहून देत नव्हते. लॅब सुरू झाली तेव्हा मामा एसटीने आले, माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दाखव बरं, काय बगतीस दिवसभर."

मी कुणाच्या तरी अपेंडिक्सचा काप लावून दिला. चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ बघत राहिले.

"हे रंग कुणी दिले?"

"आम्हीच देतो, मामा. रंग दिला नाही तर काहीच दिसत नाही. सगळं पाण्यासारखं दिसतं."

"मंजी असतंय तर, पण दिसत न्हाई."

त्यानंतर परभणीला काही काम निघालं की लॅबमध्ये चक्कर ठरलेली. एखादी स्लाइड बघायचे, दोन-चार प्रश्न विचारायचे, चहा घ्यायचे आणि वालूरची गाडी धरायचे. लग्नानंतर माझं पुढचं शिक्षण झालं ते त्यांच्यामुळे. मुलगा लहान असताना मी शिकायला संभाजीनगरला राहिले, तेव्हा गावात लोक नको ते बोलायचे. मामा त्यांना एवढंच सांगायचे, "शिकायली हाय ती. शिकू द्या की."

लघवीचा त्रास त्यांना केव्हा सुरू झाला, मला सांगता येणार नाही. सुनेशी ते बोलणं शक्यच नव्हतं. मुलालाही त्यांनी काही सांगितलं नाही. दिवाळीत आम्ही गावी गेलो असताना आत्या स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता मला म्हणाल्या, "ह्यांचं काय खरं न्हाई बाई. जातेत अन् नुसतं उभंच ऱ्हातेत. अन् कंबर तर लय दुखायली म्हणतेत."

मी बाहेर येऊन मामांना म्हटलं, "एकदा तपासून घेऊ या का? साधी रक्ताची तपासणी आहे."

त्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. "वय झालं की होतंय ते. सगळ्यांलाच होतंय."

सगळ्यांना होतं हे खरंच होतं. सेलूच्या बाजारातून आणलेली कसली तरी पूड ते ताकातून घेत होते. कंबरेला तेल लावत होते, पट्टा बांधत होते. माझा नवरा कॉलेजात शिकवतो. त्याने त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे नेलं, तिथल्या गोळ्यांनी दुखणं कमी झालं, आणि कमी झालं म्हणून विषय मागे पडला.

पुढच्या उन्हाळ्यात पेडगावला नात्यातलं लग्न होतं. वंदना झाली, पंचशील झालं, जेवणाच्या पंगती बसल्या. मामा मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. लग्नात ते कधी असे बसत नसत. पंगतीत फिरून लोकांना आग्रह करणं हा त्यांचा आवडीचा उद्योग. मी जवळ गेले. त्यांचा सदरा घामाने छातीला चिकटला होता, आणि एक हात बेंबीखाली दाबून धरलेला होता.

"मामा, काय होतंय?"

"काही न्हाई. गरमी हाय."

"लघवी कधीपासून नाही झाली?"

इतक्या वर्षांत आमच्यात तो शब्द पहिल्यांदा आला. त्यांनी मांडवाकडे तोंड फिरवलं. मग अगदी हळू म्हणाले, "सकाळपासून. सकाळपासून न्हाई बाई. आता सहन होत न्हाई."

आम्ही त्यांना तसंच गाडीत घालून परभणीला आणलं. प्रत्येक खड्ड्याला ते दाराची कडी घट्ट धरत होते. दवाखान्यात नळी घातली, पिशवी भरली, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. पण मी पलंगाशी उभी आहे हे दिसताच त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि डोळे मिटून घेतले. मी बाहेर जाऊन बसले.

सर्जनने ऑपरेशन ठरवलं. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून, वाट अडवणारी प्रोस्टेटची ग्रंथी आतून खरवडून काढतात. सुताराच्या रंध्याखाली पडाव्यात तशा तिच्या बारीक ढलप्या निघतात. त्या बाटलीत भरून तपासणीला पाठवतात, आणि आमच्या भागात त्या बहुतेक माझ्याकडे येतात. सर्जनचा फोन आला.

"मॅडम, दुसरीकडे पाठवू का? तुम्हाला अवघड जाईल."

"नको. मीच बघते."

तेव्हा मला खरंच वाटत होतं की साधी वाढ असेल. बहुतेकांची तीच असते.

माझी टेक्निशियन कमी बोलणारी बाई आहे. बाटलीवरचं नाव तिने वाचलं आणि कामाला लागली. ढलप्या औषधात मुरवायच्या, मेणात बसवायच्या, त्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे. ट्रे माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "मॅडम, मी बाहेरचं बघते," आणि जाताना दार ओढून घेतलं.

निरोगी प्रोस्टेट सूक्ष्मदर्शकाखाली फार देखणी दिसते. पेशींची केंद्रकं जांभळी आणि बाकी सगळं गुलाबी. गुलाबी स्नायूंच्या जाड पट्ट्या आडव्यातिडव्या गेलेल्या असतात, आणि त्यांच्यात ऐसपैस पसरलेल्या ग्रंथी. ग्रंथी म्हणजे एक पोकळी. तिची कड सरळ नसते. ती आत वळते, बाहेर येते, झालरीसारखी. त्या कडेने पेशींचे दोन थर असतात. आतला थर उंच, फिकट पेशींचा, एका ओळीत नीट उभा. बाहेरचा थर चपट्या, दबलेल्या पेशींचा, निरखून शोधला तरच सापडणारा. आमचं सगळं लक्ष या बाहेरच्या थराकडे असतं. तो जागेवर आहे म्हणजे कॅन्सर नाही. म्हाताऱ्या माणसाच्या ग्रंथींमध्ये कधी कधी गुलाबी गोल खडेही दिसतात, झाडाच्या बुंध्यावर असतात तशी वर्तुळं असलेले.

मामांच्या पहिल्या स्लाइडवर हे सगळं होतं. ग्रंथी वाढलेल्या होत्या, फुगून गाठीगाठींनी एकत्र आल्या होत्या, पण दोन्ही थर शाबूत होते. खडे होते. वयाने होणारी वाढ, दुसरं काही नाही. दुसरी स्लाइड तशीच. तिसरी तशीच. मी खुर्चीत मागे टेकून पाणी प्यायले आणि नवऱ्याला फोन करायला मोबाइल हातात घेतला. मग वाटलं, उरलेल्या बघून घेऊ आणि मगच करू.

पुढच्या स्लाइडच्या एका कोपऱ्यात ग्रंथी एकाएकी लहान झाल्या. लहान, गोल, एकमेकींना खेटलेल्या. त्यांच्या कडेला वळण नव्हतं. त्या चांगल्या ग्रंथींच्या मधल्या जागेत घुसल्या होत्या. मी मोठं भिंग लावलं. पेशींचा एकच थर. बाहेरचा थर कुठेच नव्हता. केंद्रकं मोठी झालेली, आणि प्रत्येकात मध्यभागी एक ठळक ठिपका. स्लाइड सरकवत गेले तसं ग्रंथींचं गोलपणही गेलं. त्या एकमेकींत मिसळून चाळणीसारखे पत्रे झाले होते. आणखी पुढे तेही नव्हतं. स्नायूंच्या पट्ट्यांमधून सुट्या पेशी एकामागे एक चालल्या होत्या. एका ठिकाणी त्यांनी एका नसेला चारी बाजूंनी वेढलं होतं.

मी मोबाइल पालथा ठेवला. सगळ्या स्लाइड संपवल्या. मग पहिल्यापासून पुन्हा बघितल्या. दुसऱ्यांदा बघताना वेगळं काही दिसेल असं आमच्या धंद्यात कुणी मानत नाही, तरी बघितल्या.

बाहेरच्या थराच्या पेशींना तपकिरी करणारा एक खास रंग असतो. तो संभाजीनगरला होतो. मी त्या कोपऱ्याचा मेणातला तुकडा आणि सगळ्या स्लाइड माझ्या तिथल्या जुन्या प्राध्यापक बाईंकडे पाठवल्या, आणि ते उत्तर येईपर्यंत घरात कुणाला काही बोलले नाही. एखादा तपकिरी ठिपका निघेल अशी आशा मी धरून होते. तशी आशा धरणं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणं होतं, आणि मी तो खुशाल दाखवत होते.

बाईंचा फोन आला. "तू बरोबर बघितलंस. एकही तपकिरी पेशी नाही. कुणाची स्लाइड आहे गं ही?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाडांचा स्कॅन करून घे लगेच."

स्कॅनमध्ये कमरेचे मणके, माकडहाड, बरगड्या, सगळीकडे काळे डाग होते. कंबर का दुखत होती ते कळलं.

नवरा म्हणाला, "त्यांना सांगू नको. सूज आहे म्हण. हातपाय गाळतील."

त्याने स्वतः मामांना सूज आहे असं सांगून टाकलं, आणि आत्यांना तर जवळजवळ शपथ घातली. पण मामांनी आत्यांना किंवा त्याला विचारलंच नाही. नळी काढल्यावर थोडं चालायला लागले तसे ते एका सकाळी रिक्षाने सरळ लॅबमध्ये आले. नेहमीच्या स्टुलावर बसले. टेक्निशियनने चहा आणला तो त्यांनी बाजूला ठेवला.

"माझी दाखव."

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

"मी मास्तर हाय बाई. पेपर बघितल्याशिवाय मार्क मान्य करत न्हाई. दाखव."

मी आधी पहिली स्लाइड लावली. त्यांना थोडा वेळ द्यावा असं मनात होतं, की स्वतःला द्यावा, कुणास ठाऊक. ते वाकले.

"हे माझंच?"

"हो."

"लय चांगलं दिसायलंय की. नक्षी काढल्यासारखं. अन् हे गोल काय?"

"खडे आहेत, मामा. वयाने होतात. त्यांचं काही नाही."

"बरं. आता दुसरी लाव."

मी चौथी लावली. कोपरा मधोमध आणून दिला आणि बाजूला झाले. बराच वेळ ते हलले नाहीत. त्यांचा अंगठा आणि तर्जनी, खडू धरल्यासारखी, एकमेकांवर घासत होती.

"ह्या निराळ्याच हायत," ते म्हणाले. "यांला ओळ न्हाई का काही न्हाई. कोणीकडं चालल्यात ह्या?"

"सगळीकडे."

"हाडात?"

"हो."

त्यांनी डोळा भिंगावरून बाजूला घेतला, चष्मा खाली ओढला. "तुमी लोक याला मार्क देता म्हणली होतीस मागं. माझे किती?"

प्रोस्टेटच्या कॅन्सरला रचनेवरून आम्ही पाचापर्यंत अंक देतो, आणि त्यात जास्त म्हणजे वाईट. जे दोन प्रकार जास्त दिसतात त्यांची बेरीज करतो.

"चार आणि पाच," मी म्हटलं. "दहापैकी नऊ."

ते किंचित हसले. "नापास करायचं असंल तरी पोराला खरे मार्क सांगावेत," ते म्हणाले. "तू सांगितलेस. चांगलं केलंस. तुझ्या नवऱ्याला म्हणाव, मला सूज हाय. त्याला बरं वाटंल."

मग त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला.

हा कॅन्सर पुरुषांच्या संप्रेरकावर वाढतो. ते तोडलं की तो काही काळ आवरतो. त्यासाठी दर काही महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर एकदाच ऑपरेशन करून वृषणं काढून टाकायची. सर्जनने हे माझ्या नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याच्या तोंडून वडिलांसमोर ते निघेना. तो खोलीत जायचा, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि बाहेर यायचा. शेवटी मी सांगितलं. मी सांगताना मामा भिंतीकडे बघत होते आणि मी खिडकीकडे.

"बैलाला करतेत तसं," ते म्हणाले.

मी खिडकीची कडी उघडून पुन्हा लावली.

"माझा बाप मला बैल धरायला लावायचा. मी शिंगं धरायचो. बैल माझ्याकडंच बघायचा." त्यांनी हात आडवा हलवला. "इंजेक्शन नको. दर वेळी तेच आठवत ऱ्हाईल. एकदाच काय ते होऊन जाऊ द्या."

ते झालं. आणि खरं सांगायचं तर त्याने फरक पडला. कमरेचं दुखणं पंधरवड्यात ओसरलं. कॅन्सर किती आहे हे सांगणारा रक्तातला आकडा खाली आला. मामा वालूरला परत गेले, पारावर बसायला लागले, कापसाचं वजन आणि सोयाबीनचा भाव यावर वाद घालायला लागले. नवरा म्हणायचा, "बघ, तू उगीच घाबरली होतीस." मी होकार द्यायचे. त्या पेशी मेलेल्या नसतात, उपाशी असतात, आणि त्यातल्या काहींना उपाशी राहून जगायची सवय लागते, हे मला माहीत होतं. ते जेवणाच्या ताटावर सांगण्यासारखं नव्हतं.

पण तो चांगला काळही पुरता चांगला नव्हता. मामांना एकदम अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं. थंडीत आत्या त्यांना पुठ्ठ्याने वारा घालायच्या. आत्यांना ती बायकांची पाळी जातानाची गरमी ओळखू आली होती, आणि त्या कुणाजवळ तसं बोलत नव्हत्या. मामा जाड झाले, छाती बायकांसारखी भरली. ते अंगावर उपरणं घेऊन बसायला लागले. आणि त्यांना रडू यायचं. कधी न रडलेला माणूस. टीव्हीवर एखादं लहान पोर हरवलेलं दाखवलं तरी डोळे भरायचे. एकदा गावच्या शाळेने त्यांना झेंडावंदनाला बोलावलं. दोन वाक्यं बोलले आणि पोरांसमोर रडायला लागले. त्यानंतर शाळेच्या रस्त्याने जाणं त्यांनी सोडलं.

"मी मी राहिलो न्हाई बाई," ते मला फोनवर म्हणाले. "तुझ्या कॅन्सरनं काही केलं न्हाई तेवढं ह्या इलाजानं केलं."

दीडेक वर्ष तसं गेलं. मग रक्तातला आकडा वर सरकायला लागला. औषधं बदलली, आकडा थोडा दबला, पुन्हा वर आला. संभाजीनगरला जोराचं औषध शिरेतून द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या वेळेनंतर त्यांचं तोंड आतून सोलून निघालं, ताप चढला, आणि तिथल्या डॉक्टरांनीच थांबवायला सांगितलं. त्याच सुमारास लघवी पुन्हा अडली. पुन्हा ऑपरेशन. पुन्हा ढलप्या. या वेळी सर्जनने विचारलं नाही, बाटली सरळ आली.

इलाज झालेली प्रोस्टेट कशी दिसते हे मी पुस्तकात शिकले होते, स्लाइडवरही बघितलं होतं. काही पेशी सुकतात. केंद्रक आक्रसून काळा ठिपका होतो, भोवती रिकामी पांढरी जागा, जणू दाणा वाळून शेंगेत खुळखुळतोय. अशा पेशी मामांच्या स्लाइडवर होत्या. थोड्या, कडेकडेला. ज्यासाठी त्यांनी एवढं दिलं होतं त्याचा तेवढाच पुरावा. बाकी सगळीकडे सुट्या पेशी होत्या, मोठ्या, ठसठशीत, कुठे विभागताना थांबलेल्या, कुठे मधोमध सडलेल्या. मी चांगली ग्रंथी शोधत होते. एखादी, दोन थरांची, झालरीची, आत खडा असलेली. पहिल्या वेळी त्यांनी वाखाणली होती तशी. सगळे काप बघून झाले. एकही नव्हती. अहवाल लिहायला काही अवघड नव्हतं. चार ओळींत झाला.

मामा आता परभणीलाच आमच्याकडे होते. बाहेरच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला होता. मी त्यांना सूप देत होते तेव्हा ते म्हणाले, "या डावाला दाखवली न्हाईस."

"बघण्यासारखं काही नव्हतं, मामा."

त्यांनी चमचा तोंडाशी आला होता तो हाताने हळूच बाजूला केला. माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली घातली नाही, पण मला वाटतं त्याने काही फरक पडला नाही. ते पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून बरंच शिकले होते.

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा कधी स्लाइडचं नाव काढलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी त्यांना पलंगावरून पाय खाली सोडता येईनात. आधी वाटलं अशक्तपणा. मग त्यांनी मला पायाच्या अंगठ्याला चिमटा काढायला सांगितला, आणि काढल्यावर विचारलं, "काढला का?" मणक्यातली गाठ मज्जारज्जूला दाबत होती. तातडीने नेलं, किरणं दिली. त्याने दुखणं थोडं कमी झालं. पाय परत आले नाहीत.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. नळी होती, पिशवी होती, दर थोड्या वेळाने कूस बदलायची होती. तरी माकडहाडावर जखम झालीच. ज्या लाजेने सुनेसमोर लघवी हा शब्दसुद्धा उच्चारू दिला नव्हता, तिची काय गत झाली ते त्यांनी आणि मी दोघांनी मुकाट्याने पाहिलं. मी जखम धूत असताना ते उशीत तोंड खुपसून पडायचे. एकदा म्हणाले, "तुला यासाठी शिकवली का मी?" मी म्हटलं, "हो, यासाठीच." त्यांना ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. मी शिकले होते ते बघायला, आणि बघून झालं होतं.

दुखणं थांबवायला मॉर्फिन लागत होतं, आणि परभणीत ते मिळवणं म्हणजे रोजची धावपळ. नवरा ती करायचा. घरी आला की वडिलांच्या पायथ्याशी बसून त्यांचे बधिर पाय चेपायचा. त्यांना कळत नव्हतं हे त्याला माहीत होतं. तरी चेपायचा. एका दुपारी तसाच चेपत असताना त्याला वाटलं की श्वासाचा आवाज थांबलाय. त्याने मला हाक मारली. मी नाडी बघितली, डोळ्यांत उजेड टाकला, आणि अहवाल सांगावा तसं सांगितलं. दुसरं कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

वालूरला नेलं. गाव जमलं. त्यांनी शिकवलेले कितीतरी लोक आले, काहींचे केस पांढरे झालेले. पंचशील झालं, अग्नी दिला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दोघातिघांनी भाषणं केली. सर शिस्तीचे होते म्हणाले, सरांचं अक्षर सुंदर होतं म्हणाले. आजाराबद्दल कुणी बोललं नाही. "पोटाचं काहीतरी" असं बाहेर ठरलं होतं. आत्यांनीच ते ठरवलं होतं.

पाहुणे गेल्यावर आत्या आणि मी मागच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांच्या पुढ्यात धान्य पाखडायचं सूप होतं आणि त्यात तुरीची डाळ. त्या निवडत नव्हत्या, नुसती बोटं फिरवत होत्या.

"बाई, तुला तर सगळं दिसत होतं न्हाई का?" त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे. माझ्या सुनेला दिसतंय, कुणाला न्हाई दिसत ते तिला दिसतंय. सगळ्या गावाला सांगायचे."

"हो आत्या. दिसत होतं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी बोटं डाळीतून काढली. रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग दिसून काय झालं?"

वेळेत कळलं असतं तर, असं म्हणता आलं असतं. अशी उत्तरं मी लोकांना रोज देते. पण त्यांना वेळेत निदान झालेल्या कुणाबद्दल विचारायचं नव्हतं. त्यांनी डाळीतला एक खडा उचलून अंगणात टाकला आणि सूप माझ्याकडे सरकवलं.

"माझी नजर गेली आता," त्या म्हणाल्या. "तू बग."